खिशातले फ्यूज

दत्तोबा कदम गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. फोन कुसुमचा, त्यांच्या मुलीचा. "काका, बाबा गेले. चहा मागितला, मी करून आणेपर्यंत..." एवढंच बोलली आणि तिनं फोन ठेवला. अर्ध्या गालावरचा साबण पुसायचं भान राहिलं नाही. ग्वाल्हेरात थाटीपुरहून लष्कर भागात, सराफ्याच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या घरी टेंपोनं अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात दुःखाआधी मला आली ती शरम, हे सांगून टाकतो. कारण पंधरा दिवसांपूर्वीच मी त्यांना भेटून आलो होतो, आणि भेटायला जाताना एक वाक्य मनाशी घोकत गेलो होतो. दत्तोबा खाटेवर पडून होते. पायांवर तीच जुनी गोधडी, कोपऱ्यात तळहाताएवढा काळा तेलाचा डाग असलेली. मी पेन्शनीतल्या महागाई भत्त्यावर बोललो, गुडघ्यांवर बोललो, शहरातल्या धुळीला यथेच्छ शिव्या घातल्या आणि ते वाक्य तसंच घेऊन परत आलो. चव्वेचाळीस वर्षं मी तेच करत आलो होतो.

मी मूळचा इंदूरचा. ग्वाल्हेर आणि इंदूर ही दोन्ही संस्थानं मिळून मध्यभारत झाला तेव्हा राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी फिरायची, आणि तिच्यामागून आमच्यासारखे नवशिके ओव्हरसियर वळकट्या घेऊन फिरायचे. फिरता फिरता मी इथेच राहिलो. दत्तोबा माझ्याहून अठरा वर्षांनी मोठे. आजोबा, वडील दोघेही संस्थानच्या फौजेत. हे मात्र लहानपणीच संस्थानच्या बर्फाच्या यंत्रावर जाऊन चिकटले. खंडेनवमीला त्यांच्या देवघरापुढे आजोबांची तलवार मांडलेली असे आणि तिच्या शेजारी ओळीनं यांचे नट आवळायचे लोखंडी पाने. तलवारीला एक फूल, पान्यांना दोन. मी एकदा हसलो तर म्हणाले, "साहेब, तलवार तर आजोबांनंतर कोणी उचललीच नाही. रोटी तर हेच देतात ना?" पदवी नाही, इंग्रजी नाही, पण यंत्राच्या अंगावर हात ठेवून आत काय चाललंय ते सांगत. मला सगळं पुस्तकात दिसायचं आणि त्यांना हातात, त्यामुळे सुरुवातीचे सहा महिने आमचं अजिबात जमलं नाही.

मग भोपाळ राजधानी झाली. त्या हिवाळ्यात लष्करातल्या मराठी घरांतून दुसरा विषय नव्हता... कोणाचं नाव यादीत आलं, कोणाचं खातं उठलं, कोण पोराबाळांना इथे ठेवून एकटाच जाणार. कचेऱ्यांसमोर ट्रक उभे असत आणि फायलींचे गठ्ठे, टेबलं, अगदी पाण्याचे माठसुद्धा चढवले जात. नेमक्या त्याच दिवसांत सरकारी दवाखान्याच्या आवारात लसींसाठी एक थंड खोली बांधून झाली आणि तिचं यंत्र मुंबईहून पेटीत बंद होऊन आलं. तोवर देवीची लस बर्फाच्या पेट्यांत ठेवत, आणि ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात बर्फ टिकतो किती ते सांगायला नको. खोली चैत्राच्या आत चालू व्हायला हवी होती. यंत्राचा कंप्रेसर बिघडला असता तर सुटा भाग परदेशातून यायला महिने लागले असते, आणि नव्या राजधानीत बसलेल्यांनी उरलेलं यंत्र खुशाल उचलून दुसरीकडे नेलं असतं. काम माझ्याकडे दिलं होतं. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. हे काम नीट झालं तर पक्की होणार, असं मला तोंडी सांगितलेलं होतं.

यंत्र बसलं, नळ्या जोडल्या, साबणाचं पाणी लावून दत्तोबांनी सांधा न् सांधा तपासला. दुपारी चारच्या सुमाराला गॅस भरून झाला आणि मी बटणाकडे वळलो, तर दत्तोबा मध्ये उभे. "आज नाही साहेब. उद्या, याच वेळेला."

"का? सगळं तर तयार आहे."

"मशीन तयार नाही. थंडी बघा किती आहे. हा गॅस थंड जागा शोधत जातो, मशीनच्या पोटात जे तेल आहे ना, त्यात जाऊन मिसळतो. असंच बटण दाबलं तर दूध उतू जातं तसं तेल फसफसून वर येणार, आणि खाली बेअरिंग कोरडे. मग तर गेलीच समजा. तेल आधी गरम करू द्या, गॅस निघून जाऊ द्या. एक दिवस, एक रात्र. जल्दी काय आहे?"

हल्लीच्या मोठ्या यंत्रांना त्यासाठी आतच शेगडी असते म्हणे. आमच्या यंत्राला नव्हती. दत्तोबांनी पत्र्याच्या डब्यात दोन मोठे बल्ब बसवले, डबा कंप्रेसरच्या पोटाखाली सरकवला आणि घरून आणलेली गोधडी वरून पांघरली. वहिनींनी जुन्या नऊवारी पातळांची शिवलेली, नवी कोरी गोधडी! आम्ही सगळे हसलो. चौकीदार म्हणाला, "उस्ताद, लोरी भी सुना दो." दत्तोबा हसले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि अधूनमधून गोधडीखाली हात घालून, तापलेल्या पोराचं अंग बघावं तसं, बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते आंघोळ-जेवण करायला घरी गेले. जाताना म्हणाले, "चार वाजेपर्यंत हात लावू नका." बड्या साहेबांना उद्घाटनाची वेळ पाचची कळवली होती. पण साहेब अकरालाच हजर झाले, बरोबर आणखी चौघे. त्यांना दुपारच्या गाडीनं भोपाळ गाठायचं होतं. गोधडी बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "यह क्या तमाशा है? मशीन लग गई न? तो चलाइए."

"सर, शाम को चार बजे..." मी म्हणालो. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

"आपको चलाना आता है या नहीं?"

आता इथे मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. पुस्तकातसुद्धा तेच लिहिलं होतं, दत्तोबांनी सांगितलं तेच, फक्त इंग्रजीत. मी नाही म्हणायला हवं होतं. पण समोर साहेब होते, डोळ्यांसमोर पक्क्या नोकरीचा कागद होता, आणि इंदूरला माझ्या पगाराकडे डोळे लावून बसलेले आईवडील होते. मी गोधडी ओढून काढली, जमिनीवर टाकली आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. यंत्र ढिम्म. पोटाखालचे बल्ब मजेत जळत होते, कारण दिव्यांची लाईन वेगळी होती. साहेबांनी घड्याळ बघितलं. तेवढ्यात ओल्या केसांनी दत्तोबा दारात आले. जमिनीवरची गोधडी त्यांनी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. एक क्षणभरच. मग साहेबांपुढे हात जोडून म्हणाले, "गलती मेरी है, हुजूर. फ्यूज साफ करने को निकाले थे, कोट की जेब में रह गए. कोट घर पर है."

साहेबांनी जे सुनावलं ते सगळं इथे लिहीत नाही. रियासतीतली ढिली माणसं, यांना नव्या राज्यात जागा नाही, असा एकूण सूर होता. चौघांसमोर, चौकीदारासमोर, माझ्यासमोर. दत्तोबा मान खाली घालून ऐकत होते. फौजी घराण्यातला तो ताठ माणूस खाली बघत उभा होता आणि मी त्याच्या बाजूला गप्प. मोटार फाटकाबाहेर गेली, तसा दत्तोबांनी पायजम्याच्या खिशात हात घातला आणि चिनी मातीचे तीन पांढरे फ्यूज काढून माझ्यासमोर टेबलावर मांडले.

म्हणाले, "मला वाटलंच होतं, कोणी ना कोणी दाबायला लावेल. तुमची नोकरी कच्ची आहे साहेब, तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. माझी पक्की आहे. बोलून बोलून काय बोलतील?" मग गोधडी उचलून झटकली. मी ती ओढताना शेजारचा तेलाचा डबा लवंडला होता, त्या तेलात तिचा एक कोपरा भिजला होता. तो चिमटीत धरून म्हणाले, "आता घरी मात्र माझी खैर नाही," आणि ती पुन्हा यंत्रावर पांघरली.

चार वाजता त्यांनी गोधडी काढली. हातानं कप्पी दोन वेळा पूर्ण फिरवली, झडपा उघडल्या, आणि सगळ्यात शेवटी फ्यूज बसवले. माझ्याकडे वळून म्हणाले, "आता दाबा. हक्कानं दाबा." यंत्र एकदा हुंकारलं आणि लयीत चालायला लागलं. तेलाच्या काचेत जरासा फेस आला, मग खाली बसला. मी आयुष्यात बरीच यंत्रं चालू केली, पण तसा आवाज पुन्हा कानांवर पडला नाही... निदान मला तसं वाटतं. ते यंत्र पुढे वीसएक वर्षं चाललं. गावातल्या कितीतरी पोरांच्या दंडावरची लस त्याच खोलीतून गेली.

दोन महिन्यांनी एकाच टपालात दोन कागद आले. माझी नोकरी पक्की झाल्याचा, आणि दत्तोबांची जगदलपूरला बदली झाल्याचा. जगदलपूर! आता तर ते वेगळ्याच राज्यात गेलं, पण तेव्हाही लष्करच्या माणसाला ते दुसऱ्या मुलखासारखंच होतं. कुसुम चार वर्षांची होती. वहिनींना दम्याचा त्रास, त्यामुळे त्या इथेच राहिल्या. स्टेशनवर मी पोचवायला गेलो. साहेबांकडे जाऊन खरं सांगतो, असं म्हणायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "काही बोलू नका. यंत्राकडे बघा तेवढं, थंडीत बंद ठेवलं तर चालवायची घाई नका करू." मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

तीन वर्षांनी ते परत आले, आणि तोवर घरात तो विनोद तयार झाला होता. दत्तोबा कुठे निघाले की कोणीतरी म्हणायचंच, "आधी खिसे तपासा!" कुसुमच्या लग्नात मंगळसूत्र क्षणभर सापडेना, तर सगळा मांडव ओरडला, "बाबांचे खिसे बघा!" दत्तोबाही खिसे उलटे करून दाखवायचे आणि सगळ्यांबरोबर हसायचे. मीही हसायचो. आधी नोकरीची भीती होती, मग बढतीची काळजी, आणि पुढे पुढे उशीर इतका झाला की त्या उशिराचीच लाज वाटायला लागली. दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन जायचं, दर वेळी आज घरच्यांना खरं सांगू म्हणायचं, आणि चकलीचं कौतुक करून परत यायचं. आम्ही जिवलग मित्र झालो होतो, हे त्यातलं सगळ्यात अवघड. परका असता तर एक पत्र टाकून मोकळा झालो असतो.

तेराव्याला पंगत उठल्यावर त्यांच्या पुतण्यानं तो किस्सा पुन्हा रंगवून सांगितला. "काकांना तर जन्मभर भुलायची सवय! एक बार तो पूरे साहब लोग खड़े हैं और फ्यूज जेब में..." सगळे हसले, डोळे पुसत हसले. माणसं पांगल्यावर मी कुसुमला आतल्या खोलीत गाठलं आणि सगळं सांगितलं. गोधडी, अकराची वेळ, बटण, पायजम्याचा खिसा. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

ती खाटेच्या काठावर बसली. गोधडीची घडी मांडीवर होती, बोट त्या डागावरून फिरत होतं. मग म्हणाली, "तीन वर्षं आई एकटी होती, काका. रात्रीबेरात्री तिचा दम उखडायचा आणि मी शेजाऱ्यांची कडी वाजवायची. एवढीशी होते मी." मी खाली बघत राहिलो. तिनं मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण तिनं तसं काही म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "लिहा. पेपरात द्या. तुमच्या नावानं द्या. आणि ते विसरले नव्हते, हे नीट लिहा."

तर कुसुम, हे लिहिलं. दत्तोबा कदम त्या दिवशी काहीही विसरले नव्हते. ज्यांनी ज्यांनी तो विनोद ऐकला आणि सांगितला, त्यांनी तो आता सोडून द्यावा. घाबरलो मी होतो, बटण मी दाबलं होतं, आणि त्याची किंमत त्यांनी भरली.

मागल्या आठवड्यात आमच्याकडे नवा फ्रिज आला. टेंपोवाल्यानं तो आडवा घालून आणला होता. मुलगा उत्साहानं प्लग लावायला निघाला, तर मी म्हटलं, उद्यापर्यंत उभा राहू दे, तेल जागेवर बसू दे. "पप्पा, आजकाल काही नाही होत तसं," तो म्हणाला. सूनबाईनं आइस्क्रीमही आणून ठेवलं होतं. घरात माझं कोणी ऐकत नाही, तेव्हा मी वाद घातला नाही. सगळे चहाला बसल्यावर स्टूल घेतलं, बोर्डावरचा त्या लाईनीचा फ्यूज काढला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. थोड्या वेळानं आतून आरडाओरडा झाला... लाईट तर आहे, मग फ्रिज का चालत नाही? सूनबाई बोर्डाशी जाऊन आली आणि म्हणाली, "बाबा, फ्यूज तुम्ही काढून कुठे ठेवलात? विसरलात की काय?"

मी खिशावर हात ठेवला. चिनी माती माझ्या अंगानं गरम झाली होती.

"विसरलो नाही," मी म्हटलं.