कमलताईंच्या फ्लेक्सवरचा बुकिंग नंबर

कमलताईंच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर त्यानं स्वतःच्या रिसॉर्टचा बुकिंग नंबर छापलाय.

परत वाचा. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर. बुकिंग नंबर.

पिरंगुटच्या चौकात, ताईंच्या घराच्या अगदी समोर. ताईंचा फोटो एवढासा. त्याचा स्वतःचा, गॉगल लावून, हात जोडून, चौपट मोठा. मध्ये लिहिलंय, 'आमच्या परिवाराचा आवाज हरपला.'

आमच्या परिवाराचा म्हणे!

ताई गेल्या त्याला आज नऊ दिवस झाले. हार्ट अटॅक. आणि हा माझा जुना पार्टनर. नाव लिहून माझी वॉल घाण करणार नाही.

२००६ मध्ये आम्ही हिंजवडीत एकाच टीममध्ये होतो. मुळशी धरणाच्या कडेला जागा भाड्यानं घेतली आणि वीकेंडवाल्यांसाठी तंबू लावले. तंबूंपाशी रेंज नाही, आम्ही दिवसभर मीटिंगमध्ये. मग बुकिंगचे फोन घेणार कोण?

तो म्हणाला, "आपल्याला व्हर्च्युअल असिस्टंट लागेल. घरून काम करणारी. एकदम पॉलिश्ड."

मी कमलताईंचं नाव सुचवलं.

माझी पहिली नोकरी पिरंगुटच्या एका कंपनीत होती. अमरावतीला आईला फोन करायचा तर ताईंचा एसटीडी बूथ. मी फोनवर रडायला लागले की ताई पडदा ओढून बाहेर जाऊन बसायच्या. नंतर मोबाईल आले आणि बूथ बसला. घरचा फोन तेवढा राहिला.

त्यानं ताईंचा इंटरव्ह्यू फोनवरच घेतला. कॅन्टीनमध्ये, स्पीकर लावून, चार टाळकी जमवून.

"समजा मी कस्टमर आहे. शनिवारी दोन टेंट हवेत. सोबत आठ महिन्यांचं बाळ आहे."

"बाळ हाय व्हय? मग आत्ता नका येऊ सायेब. तितं वारं लई हाय, लेकरू आजारी पडंल. जरा ऊन पडू द्या, मग या."

तो खो खो हसला. "ही कस्टमर आणणार का हाकलणार? आणि हे हाय-न्हाई! गावठी नुसती!"

फोन चालूच होता. ताईंनी सगळं ऐकलं.

मीही हसले होते. थोडंसं. पण हसले होते.

मग त्यानं बाणेरच्या एक मॅडम शोधल्या. इंग्रजी फाडफाड. कुणीही काहीही मागितलं की "शुअर सर." एका शनिवारी एकच तंबू तीन कुटुंबांना दिला. म्हातारी माणसं, लेकरं, सगळी चिखलात उभी. शिव्या खायला मी एकटी. हा फोन बंद करून घरी.

दुसऱ्या दिवशी मी ताईंच्या दारात गेले.

"माजं हाय-न्हाई चालंल का, बाय?"

"चालेल, ताई."

"मग हसू नका फकस्त."

त्या दिवसापासून आमचं ऑफिस म्हणजे ताईंच्या ओट्यावरचा लँडलाईन. ताईंनी आमचे तंबू शेवटपर्यंत पाहिले नाहीत. म्हणायच्या, "तंबूच की, त्यात काय बघायचं?" पण कुणाच्या सासऱ्यांना शुगर आहे, कुणाची मुलगी दहावीला आहे, कोण उपास धरतं, सगळं तोंडपाठ.

एका ऑगस्टमध्ये एसटीचा ड्रायव्हर त्यांच्याकडे चहाला थांबला आणि म्हणाला, तंबूंच्या वाटेवरच्या ओढ्याचं पाणी पुलावरून जातंय. ताईंनी आम्हाला विचारलंसुद्धा नाही. सगळी बुकिंगं स्वतः फोन करून रद्द केली. संध्याकाळी रस्त्याचा एक तुकडा ओढ्यात गेला. आमचं एकही माणूस त्या रस्त्यावर नव्हतं.

आणि यानं ताईंना फोन करून काय म्हणावं?

"तुला मालकीण कुणी केलं गं?" पुढचे शब्द मी लिहू शकत नाही. ताईंचे यजमान, बबनदादा, शेजारीच बसले होते. त्यांनाही ऐकू गेले.

ताई मला एवढंच म्हणाल्या, "त्या मानसाला माज्या दारात उभं करू नका."

महिन्याभरात तो पार्टनरशिप मोडून गेला. जाताना कस्टमरची सगळी यादी घेऊन गेला. पलीकडच्या काठावर रिसॉर्ट काढलं.

ताईंकडे यादी नव्हती. माणसं होती. त्यांनी एकेकाला फोन लावला. "सासरं कसं हायेत? पोरीचा निकाल लागला का?" बहुतेक सगळी आमच्याकडे परत आली.

मग साहेबांनी स्वतःच ताईंना फोन केला. माझ्याकडे कामाला या म्हणून.

ताई म्हणाल्या, "माजं बोलनं गावठी हाय सायेब. तुमच्या गिऱ्हाइकांना न्हाई चालायचं."

आणि ठेवला फोन. या वेळी मी पोट धरून हसले.

छोट्या धंद्यासाठी माणूस कसा निवडायचा, असं मला बरेच जण विचारतात. गिऱ्हाइकाला "नका येऊ" म्हणायची हिंमत आहे का, तेवढं बघा.

आज सकाळी दादांना विचारून मी चौकात शिडी लावली आणि फ्लेक्स उतरवला. माणसं बघत होती. कुणी अडवलं नाही, उलट दोघांनी शिडी धरली.

दादांनी विळ्यानं ताईंचा फोटो कापून घेतला. उरलेला फ्लेक्स आम्ही घरामागच्या उकिरड्यावर पसरला. जाड आहे. पावसात खत वाहून जाणार नाही.

मी विचारलं, "दादा, याचं तोंड वर ठेवू का खाली?"

"खाली. वर ठिवलं तर तिच्या मागल्या दारातनं दिसंल."

तू हे वाचतोयस, मला माहीत आहे. उद्या दहावा आहे. येऊ नकोस. फ्लेक्स परत हवा असेल तर उकिरड्याच्या बाजूनं ये आणि स्वतःच्या हातानं उचल.

ताई, तुमच्या फोनपाशी आता मी बसतेय. कुणी तान्हं बाळ घेऊन येतो म्हणालं, तर "आत्ता नका येऊ" असंच सांगेन.

तेव्हा हसले, त्याची माफी असू द्या.

निरोप देते, ताई. या पोस्टखाली कुणाचाही नंबर नाही.