आबांचं अर्धं वाक्य

कानबाई नीट बसायच्या आत मी तिचं विसर्जन करून टाकलं. तेही धरणगावला, भरल्या सासरवाडीत, टीव्हीवर.

त्याचं असं झालं. नव्वदचं दशक सरत आलं होतं, जळगावात नुकत्याच सीडी दिसू लागल्या होत्या. माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, आवाज त्यांच्या मागे एकाच ठिकाणी उरला होता. खानदेशात श्रावणात बसवून दुसऱ्या दिवशी नदीवर नेतात त्या कानबाई देवीच्या, घरच्या उत्सवाच्या एका व्हिडिओ कॅसेटमध्ये. तिला बुरशी धरू लागली होती. सासूबाईंनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. या वेळी म्हणाल्या, "जावईबापू, त्यासना आवाज तेवढा वाचाडा."

ऑफिसात संगणक शिकून मला तेव्हा शिंगं फुटली होती. "त्यात काय एवढं!" म्हणून मी मोकळा.

जळगावातच मेहरूण भागात राहणाऱ्या एका मित्रानं सुट्टीच्या दिवशी आपला संगणक माझ्या हवाली केला. त्याचे उपकार मी अजून फेडतोय. कॅसेट संगणकात उतरवताना फाइल ठरावीक आकाराची झाली की काम थांबायचं, मग पुढची नवी फाइल. असे अकरा तुकडे झाले. ते जोडून सीडीवर चालतील अशा रूपात आणायचे होते. मी तुकड्यांना आकडे दिले, सगळे एकदम निवडले, जोडायला लावले आणि तयार सीडी न बघताच खिशात घातली. संगणक नुसता पहिला आकडा बघून रांग लावतो, एकामागे दहा, मग अकरा आणि त्यानंतर कुठे दोन, हे मला कळलं ते धरणगावला, सगळ्यांसमोर.

सीडी लावली, टीव्हीवर कानबाई बसली. गर्दीत आबा दिसले. स्वयंपाकघरात नैवेद्याचे रोट भाजणाऱ्या सासूबाईंकडे तोंड करून म्हणाले, "अवं, ते रोट ऱ्हाऊ दे, तू..."

आणि धाडकन ढोल! बायका कानबाईला डोक्यावर घेऊन नदीकडे निघालेल्या.

"जावईबापू," धुळ्याचे चुलत सासरे ओरडले, "आत्तेच बठाडी ना कानबाई? लगेच नदीवर लई चालनात?"

घरभर हसू फुटलं. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "पुढे काय म्हनेत ते?" त्यांनी विचारलं. त्यांनाही आठवत नव्हतं.

"येईल, येईल," मी म्हणालो. येईल की नाही, मला काय ठाऊक! घाम पुसत बसलो. सगळ्यांनी अख्खं विसर्जन शेवटपर्यंत पाहिलं. माणसं ओल्या पायांनी परतली, आणि अचानक आबा बोलले, "आठे ये, मन्हाजोडे बठ. बठ्ठा जन करतीन." हातातलं काम बाकीच्यांवर सोडून ते सासूबाईंना आपल्याजवळ बसायला बोलावत होते.

सासूबाई बसल्या जागेवरून टीव्हीकडे थोड्या सरकल्या.

"आखो एकदा लावा, जवाई," चुलत सासरे हळूच म्हणाले.

मग आम्ही ते पुन्हा पुन्हा पाहिलं, दर वेळी मधल्या विसर्जनासकट. मला कुणी वेड्यात काढलं नाही. उलट वरणबट्टीवर तुपाची धार जरा जास्तच पडली. असं सासर मिळायला नशीब लागतं.

परतीच्या एसटीत मी बायकोला म्हणालो, "सगळं नीट क्रमानं जोडून दुसरी सीडी आणतो."

"आणा," ती म्हणाली. "पण हीसुद्धा आईकडेच राहू द्या. आबांचं बोलणं संपायच्या आत आई कायम 'हो, आले' म्हणायची. आज पहिल्यांदा थांबली."