तिसऱ्या मजल्यावरचे नमुने

मैनुद्दीन मुजावर यांची सगळी नोकरी तळघरात गेली. खडकीच्या क्वार्टर्समध्ये ते वाढले, लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि कात्रजच्या बाजूला एका ट्रस्टच्या रुग्णालयात लागले, त्याला आता तेहतीस वर्षं झाली. वरच्या मजल्यांवरून रक्त, लघवी, पू यांचे नमुने खाली येतात. मैनुद्दीनभाई त्यातले जंतू वाढवतात, काचेच्या प्लेटवर पसरतात, वर अँटिबायोटिकच्या टिकल्या मांडतात आणि प्लेट उबेत ठेवून घरी जातात. ज्या औषधाने जंतू मरतो त्या टिकलीभोवती सकाळी स्वच्छ गोल दिसतो. गोल नाही, म्हणजे ते औषध निरुपयोगी.

ते नोकरीला लागले तेव्हा हे गोल एकमेकांना भिडायचे. पुढे लहान होत गेले. मैनुद्दीनभाईंनी हे एक-दोघांना बोलून दाखवलं होतं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

गेल्या मार्चमधल्या एका सोमवारी त्यांनी एक प्लेट खिडकीच्या उजेडात धरली आणि तशीच धरून ठेवली. तिच्यावर एकही गोल नव्हता. टिकल्या जुन्या असतील म्हणून त्यांनी त्याच डबीतल्या टिकल्या दुसऱ्या, माहितीतल्या जंतूवर लावून पाहिल्या. तिथे गोल नीट आले.

नमुना दत्तोबांचा होता. लोणी काळभोरचे सत्तरीचे शेतकरी, गोठ्यात घसरून खुबा मोडला म्हणून तिसऱ्या मजल्यावर दाखल झालेले. रिपोर्ट वर गेला. गुरुवारी त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या रुग्णाची प्लेट तशीच निघाली. मैनुद्दीनभाईंनी कॉम्प्युटरवर मागचे रिपोर्ट काढले. तीन आठवड्यांपूर्वी आणखी एक होता, त्याच मजल्यावरचा. तो सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याने लिहिला होता.

ते लॅबच्या प्रमुखांकडे गेले.

"रिपोर्ट दिलाय ना? मग आपलं काम झालं," प्रमुख म्हणाले. "औषध देणं आपल्याकडे नाही."

मैनुद्दीनभाई जिना चढून वर गेले. वॉर्डच्या इन्चार्ज सत्यशीला सिस्टर सलाइन बदलत होत्या.

"सिस्टर, दत्तोबांचा रिपोर्ट कुणी पाहिला का?"

"फाइलला लावलाय."

"पाहिला का, म्हणतो मी."

"मैनुद्दीनभाई, चाळीस पेशंट आणि आम्ही दोघी. फाइलला लावलाय हेच खूप समजा."

त्यांनी फाइल उघडली. दाखल झाल्यापासून दत्तोबांना एक भारी अँटिबायोटिक चालू होतं. कशासाठी, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता ताप चढला होता तरी तेच चालू होतं, आणि शेजारच्याच कागदावर ते चालत नसल्याचं मैनुद्दीनभाईंच्या सहीने लिहिलेलं होतं. ऑपरेशनच्या वेळी घातलेली लघवीची नळी नवव्या दिवशीही तशीच होती.

"ही का नाही काढली?"

"काढा असं कुणी लिहिलं नाही."

तेवढ्यात वॉर्डबॉयचं काम करणारे मामा प्लॅस्टिकचा जग घेऊन आले. एका रुग्णाची लघवीची पिशवी त्यांनी जगात रिकामी केली, आकडा सांगितला, जग बेसिनमध्ये विसळला आणि पुढच्या खाटेकडे गेले. सगळ्या वॉर्डाला तो एकच जग होता. त्याच बेसिनवर सिस्टर हात धूत होत्या.

मैनुद्दीनभाईंनी जगाचा आणि बेसिनचा नमुना घेतला. मग ते आयसीयूत डॉक्टर तेजस्विनींकडे गेले. रिपोर्ट यायच्या आधी लॅबला फोन करून विचारणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्यांनी कागद वाचला आणि त्या लगेच उठल्या. संध्याकाळच्या आत नळी निघाली, औषध बदललं. टिकल्यांमध्ये नसलेलं, मूत्रपिंडाला जड जाणारं एक जुनं औषध तेवढं उरलं होतं. पण जंतू रक्तात उतरला होता. जगाची आणि बेसिनची प्लेट तयार झाली तेव्हा दत्तोबा व्हेंटिलेटरवर होते. दोन्ही प्लेटवर एकही गोल नव्हता.

पुढच्या बुधवारी दत्तोबा गेले. नातेवाइकांशी कुणी काही बोलायचं नाही, असा निरोप त्याच दुपारी सगळ्या विभागांत फिरला.

चार दिवसांनी त्यांचा मुलगा रणजित लॅबच्या दारात उभा राहिला. डोक्यावरचे केस काढलेले होते.

"वडलांना खुब्यासाठी आणलं व्हतं," तो म्हणाला. "आपरेशन चांगलं झालं म्हनले. मग ते गेले कशानं? वर कुनी सांगत न्हाय."

मैनुद्दीनभाईंनी त्याला स्टूल दिलं.

"त्यांना इथला जंतू लागला. वॉर्डातला. मला तो सोमवारी दिसला होता. मी कागद वर पाठवला आणि गुरुवारपर्यंत जिना चढलो नाही."

"चढला असता तर ते वाचले असते?"

"माहीत नाही."

रणजित स्टुलावरून उठला. "लिहून द्याल?"

त्यांनी लिहून दिलं. दोन दिवसांनी त्यांना मेमो आला. तेजस्विनींनी त्याच मजकुराखाली स्वतःची सही करून कागद विश्वस्तांकडे नेला, तेव्हा कुठे बैठक झाली. प्रत्येक खाटेला वेगळा जग आला. हात धुवायचं बेसिन वेगळं झालं. नळीचा कितवा दिवस, ते फळ्यावर लिहायचं ठरलं. अँटिबायोटिक तिसऱ्या दिवसानंतर चालू ठेवायचं तर रिपोर्ट बघून कारण लिहायचं, असाही नियम झाला.

"म्हणजे आता तळघराला विचारून औषध द्यायचं?" एका सर्जननी विचारलं.

"हो," तेजस्विनी म्हणाल्या. "निदान तिथे रिपोर्ट वाचतात."

सात महिने तिसऱ्या मजल्यावरून तसा एकही नमुना आला नाही. मैनुद्दीनभाई मात्र रोज दुपारी वर जाऊन फळा बघून यायचे.

नोव्हेंबरात त्यांनी तेजस्विनींना फोन लावला.

"मॅडम, तोच आहे."

"कुठला वॉर्ड?"

"वॉर्ड नाही. ओपीडी. वैष्णवी म्हणून चोवीस वर्षांची मुलगी आहे, इथे मागच्याच वस्तीतली. आजवर कुठेच ॲडमिट झालेली नाही."

"पुन्हा लावून पाहिलंत?"

"दोनदा."

तेजस्विनी खाली आल्या. मैनुद्दीनभाईंनी वैष्णवीचा नंबर काढून फोन स्पीकरवर ठेवला. लघवीला जळजळ वर्षभर अधूनमधून होते, ती म्हणाली, दर वेळी मेडिकलमधून गोळ्या आणते, बरं वाटलं की बंद करते.

"घरात आणखी कुणाला असा त्रास?" तेजस्विनींनी विचारलं.

"सासूबाईंना आहे. शेजारच्या ताईंनाही," वैष्णवी म्हणाली. "मीच देते ना त्यांना माझ्यातल्या गोळ्या."