बोलण्याच्या जागेला खेटून

"गाठीचा तुकडा काढून तपासावा लागेल," डॉक्टर म्हणाले आणि माझी बोबडीच वळली. मेंदूचा तुकडा काढतात होय? विश्रामबागच्या त्या दवाखान्यात त्यांनी माझ्या नवऱ्याच्या डोक्यातली गाठ पडद्यावर दाखवली. डावीकडं, खोल, बोलण्याच्या जागेला खेटून. कवटीला बारीक भोक पाडायचं आणि सुई आत घालायची.

"आत रक्त आलं तर वाचा जाऊ शकते, उजवा हात जाऊ शकतो. जिवालाही थोडा धोका आहेच. आणि तुकडा नीट आला नाही, तर पुन्हा करावं लागेल."

पुन्हा! हे फौजेतनं रिटायर झालेले. पलूसच्या मळ्यातनं हाक मारली, की ओढ्यापलीकडची माणसं ओ द्यायची. त्या आवाजावर मी जन्मभर कावले. आता तोच जाणार म्हणे.

"आवं, व्हय म्हणू नगा. हाय तसं ऱ्हाऊ द्या."

"गप गं. दुश्मन कोण त्येच कळंना, तर गोळी कुणावर झाडायची?"

सही त्यांनीच केली.

त्यांना ऑपरेशनला आत नेलं आणि दार बंद झालं. बाकावर शेजारी एक बाई निवांत शेंगा खात होती. तिचा मला असा राग आला, काय सांगू! नर्स पळत आत गेली की मी उठून दाराशी जायची. देवाला काय मागावं तेही सुचेना.

बाहेर आणलं तेव्हा डोक्याला पट्टी, चेहरा पांढराफटक. शहराकडचा एक तरुण डॉक्टर मला पुढं करून म्हणाला, "काका, या कोण? यांचं नाव सांगा."

हे नुसते बघत राहिले. ओठ हलले, शब्द नाही.

"नाव, काका?"

नाहीच. डॉक्टरांचा चेहरा बदलला. गेली वाचा! मग डोक्यात आलं, आमच्यात नवरा चारचौघांत बायकोला नावानं हाक मारत नाही. लग्नापासून मी आपली 'अगं ए'. पण हे लाजतायत की जमतच नाही, कोण सांगणार? बायकोनं तर नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यायचं. मी लाज सोडली. वाकून सगळ्यांदेखत त्यांचं नाव घेतलं, मोठ्यानं.

"आता माझं घ्या. घ्या म्हणते ना!"

त्यांनी मान वळवली. घोगऱ्या आवाजात पुटपुटले, "माणसं हायती की गं हितं."

त्या माणसांदेखतच मी भडाभडा रडले.