थट्टाबंदी

शेवटच्या दिवशी एनेलेस कामावर आली ती टायरच्या चपला घालून. बूट पायात चढेचनात. पाय असे सुजलेले की घोटा कुठला आणि पोटरी कुठली, ते कळू नये. बॉयलरपाशी चिसाला उभा होता. त्याने तिच्या पायांकडे बघितलं, मग वर बघितलं आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग, मॅडम."

"गुड मॉर्निंग, चिसाला."

एवढंच. एकोणीस वर्षं एका छपराखाली चादरी धुतलेली माणसं, आणि एवढंच बोलली.

योतम पलीकडे टेबलाशी होता. तो एनेलेसचा धाकटा भाऊ आणि त्या धुलाईखान्याचा सुपरवायझर. ते ऐकून त्याला बरं वाटलं. चला, म्हणाला मनात, शिस्त लागली एकदाची.

अकराच्या सुमाराला मशीनमधून चादर ओढता ओढता एनेलेस खाली बसली ती उठलीच नाही. चिसालाने आणि योतमने तिला उचलून गाडीत घातलं. दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "हृदय थकलं होतं हो. पायाला सूज कधीपासून होती?"

योतमला सांगता येईना. सख्खा भाऊ, दर रविवारी तिच्या हातची मक्याची न्शिमा खाऊन यायचा, पण ताट सोडून खाली कधी बघितलंच नाही.

"पाच महिने," मागून चिसाला म्हणाला. "आधी उजवा, मग डावा."

"तेव्हाच आणलं असतं तर गोळ्यांवर काढली असती की वर्षं," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

योतम त्याच्याकडे वळला. "तुला दिसत होतं ना? मग बोलला का नाहीस?"

"अंगाबद्दल बोलायचं नाही, साहेब. मी सही केली आहे."

सही योतमनेच घेतली होती, त्याला आता पाच महिने झाले होते.

आपल्याकडे बेंबा आणि न्गोनी या दोन जमाती म्हणजे थट्टेची भावंडं, हे पोरासोरांनाही ठाऊक. आजे-पणजे एकमेकांशी लढले, आणि मग भांडण मिटलं ते असं की शिव्या तेवढ्या ठेवायच्या. बेंबांना माकडखाऊ म्हणायचं, न्गोनींना उंदीरखाऊ. चिसाला बेंबा, एनेलेस न्गोनी. सकाळी ती दारात दिसली की हा सुरू व्हायचा, "या, उंदीरखाऊ बाई या. मांजरं पळाली बघा." ती म्हणायची, "तू रात्री कुठलं माकड खाल्लंस रे, झाडावरून थेट आलास वाटतं." पण त्यातूनच सगळं चालायचं. बॉयलरची वाफ कमी असली की ती ओरडायची, "माकडा, तुझं पोट बिघडलंय का?" आणि हा लगेच बघायला धावायचा. एकदा तिला खोकला झाला तर म्हणाला, "ही म्हातारी ट्रकसारखी घरघरते, भंगारात घाला हिला," आणि दुपारी स्वतःच तिला दवाखान्यात घेऊन गेला.

मग मालकाने योतमला लुसाकाला तीन दिवसांच्या शिकवणीला पाठवलं. कामाच्या जागी माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं, याची शिकवणी. योतम फाइल घेऊन आला. त्याच आठवड्यात चादरी धुवायला देणाऱ्या मोठ्या हॉटेलचा परदेशी मॅनेजर काम बघायला आला होता, आणि चिसाला त्याच्यासमोर ओरडला, "साहेब, चादरी मोजून घ्या, ही बाई न्गोनी आहे, घडीत उंदीर लपवते." सगळ्या बाया हसल्या. एनेलेस तर सगळ्यांत जास्त. पाहुण्याच्या कपाळाला मात्र आठी पडली, आणि योतमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला काय माहीत नव्हतं चिंबुया, हे थट्टेचं नातं, म्हणजे काय? स्वतः न्गोनीच ना तो. पण त्या आठीपुढे त्याला आपल्या माणसांची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्याने कागद टाइप केला. जमातीवरून, खाण्यावरून, अंगावरून कुणी कुणाला बोलायचं नाही. पहिली सही चिसालाची.

एनेलेस संध्याकाळी टेबलाशी आली होती. "योतम, मला लागलं का ते, एवढं तरी विचारायचं होतंस."

"अक्का, नियम सगळ्यांना सारखा."

"बरं, साहेब," ती म्हणाली. त्या दिवसापासून कामावर ती भावाला साहेबच म्हणायची. त्याला ते आवडायचंसुद्धा.

मातीच्या दिवशी अंगणात माणसं मावत नव्हती. न्गोनीच्या मयताला बेंबा येतात ते रडायला नाही. ते मेलेल्याची नक्कल करतात, खड्ड्यात जाऊन बसतात, पैसे दिल्याशिवाय उठत नाहीत, आणि घरच्यांना रडता रडता हसवतात. त्याशिवाय माणूस नीट पोचला असं कुणाला वाटत नाही. सगळे चिसालाची वाट बघत होते. तो कोट घालून रांगेत उभा होता, अनोळखी माणसासारखा.

योतम त्याच्याजवळ गेला. "अक्कासाठी कर. मी सांगतो, कर."

"खड्डा मीच खणलाय, साहेब."

"ते नाही. ते दुसरं."

"दुसरं तिच्याशीच होतं," चिसाला म्हणाला. "पाच महिने रोज सकाळी तोंडाशी यायचं, मी गिळायचो. वाटायचं, आज बोलू, जाऊ दे नोकरी. मग घरची पोरं आठवायची. माझाही दोष कमी नाही, साहेब. आज कुठल्या तोंडाने हसवू?"

माती गुपचूप झाली. कुणी हसलं नाही, कुणी खड्ड्यात उतरलं नाही. लोक योतमकडे बघत होते. धुलाईखान्यातल्या बाया तर सरळ तोंडाकडे बघत होत्या. तो जमिनीकडे बघत उभा राहिला.

परत आल्यावर फाटकाशी हात धुवायला घमेलं ठेवलं होतं. लोट्याने पाणी घालायला चिसालाच उभा होता. योतमने हात पुढे केले. पाणी हातावरून मनगटावर आलं.

"बाही भिजतेय," चिसाला म्हणाला. त्याने लोटा खाली ठेवला, योतमच्या बाहीचं बटण काढलं, दोन घड्या घालून ती कोपरापर्यंत वर केली, आणि पुन्हा पाणी घालू लागला.