नव्या मस्टरवरचे अंगठे

आधीच सांगतो — मी देवाला हात जोडतो तेही बायको बघत असेल तरच. या सदरात दर महिन्याला कुणाला ना कुणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, ते वाचून मी अंक आपटतो. तेव्हा मला भोळा, घाबरट वगैरे म्हणायच्या भानगडीत पडू नका. जे झालं ते सकाळी अकरा वाजता, सरकारी ऑफिसात, पंख्याखाली झालं.

नव्वदच्या दशकाचा शेवट. नाशिकला सातपूर एमआयडीसीत, पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये मी टाइमकीपर होतो. हजेरीचं रजिस्टर — आम्ही त्याला मस्टर म्हणायचो — माझ्याकडे. ज्यांना सही येत नाही ते महिन्याच्या शेवटी नावापुढे डावा अंगठा उठवायचे.

सखाराम हा पेठ तालुक्याकडचा कामगार. अकरा महिने एक खाडा नाही. एका दुपारी प्रेस मध्येच खाली आली... सेफ्टी गार्ड शेठने ‘स्पीड कमी होतो’ म्हणून आधीच काढून ठेवलं होतं. डाव्या हाताची बोटं गेली, अंगठ्यासकट.

आता नियम ऐका, कारण कामगारांना तो आजही कुणी धड सांगत नाही. कामावर असताना हात गेला तर भरपाई मालकाने द्यायची. मालकाने विमा काढला असेल तर ती विमा कंपनी भरते. पण हप्ता ठरतो माणसं किती, पगार किती यावर. आमचा शेठ पक्का कवडीचुंबक! सव्वीस माणसं राबवायची आणि कागदावर अकरा दाखवायची. सखाराम त्या अकरात नव्हता, म्हणजे पैसे शेठच्या खिशातून जाणार.

“हा माणूस आपल्याकडे कधी नव्हताच,” शेठ म्हणाला. “नवं मस्टर लिहा, अकराच नावं. जुनं माझ्यासमोर जाळा.”

जाळलं. शेडच्या मागे, डब्यात रॉकेल ओतून, मीच. दोन पोरं शाळेत होती, नोकरी टिकवायची होती... कारणं काय, ढीगभर मिळतात. बाजारातून कोरं मस्टर आणलं, घरी बसून सगळ्या महिन्यांची हजेरी उतरवली, अकरा जणांच्या सह्या घेतल्या. अकराही सही करणारे होते, त्यामुळे त्या मस्टरवर एकही अंगठा नव्हता. कपाटात ठेवून कुलूप घातलं, किल्ली माझ्या खिशात.

सखारामने सरकारी कामगार ऑफिसात भरपाईचा दावा लावला. तिथल्या साहेबांपुढच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी त्याची बायको हिराबाई गेटवर आली.

“भाऊसाहेब, खरं तेवढं सांगा. दुसरं काय नाय मागत. ह्यांना आता कोन काम देईल?”

“जे बोलायचं ते साहेबांपुढे बोला,” म्हणून मी तिच्यावर खेकसलो. हो, खेकसलो. वाचा आणि शिव्या घाला.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं, मस्टर काढलं आणि थेट सुनावणीला गेलो. साहेबांनी विचारलं, “हा माणूस तुमच्याकडे कामाला होता?”

“नाही साहेब. मस्टर बघा ना.”

त्यांनी पान उलटलं आणि थांबले. “मग हा अंगठा कुणाचा?”

शेवटच्या नावाखालच्या कोऱ्या ओळीत जांभळा ठसा. पुढच्या पानावर ठसा. त्याच्या पुढच्यावरही... अकरा महिन्यांची अकरा पानं! शेठ दातओठ खात माझ्याकडे बघत होता, त्याला वाटलं मीच फितूर झालो. अहो, पण ते मस्टर मी हात तुटल्यानंतर लिहिलं होतं! तो अंगठा तेव्हा जगात होताच कुठे?

“सखारामचा आहे,” मी म्हणालो. “मस्टर खोटं आहे साहेब. मी लिहिलंय.”

ठशांच्या तज्ज्ञाने सखारामच्या बँकेतल्या जुन्या फॉर्मवरच्या ठशाशी ताडून पाहिलं. तोच डावा अंगठा. शेठला भरपाई द्यावी लागली, माझी नोकरी गेली. ठसे आले कुठून, ते इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही. ‘जुन्या मस्टरची शाई उमटली असेल’ असं सांगणारे शहाणे भेटतात... जळालेल्या कागदाची शाई, कुलपातल्या वहीवर? काहीही!

पैसे मिळाले त्या दिवशी साक्षीदाराची सही करायला मी गेलो होतो. कारकुनाने मान वर न करता शाईचं पॅड सरकवलं. “डावा अंगठा लावा.”

सखारामने तो थोटा हात टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“डावा ह्या भाऊसाहेबांकडं हाय,” तो म्हणाला.