तेवीस नंबरची हजेरी

शकुंतलाअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत बसले होते. "आई सकाळी गेली," जे. पी. नगरहून तिची मुलगी सांगत होती, आणि मी विचारलं काय, तर "शेवटी काही म्हणाली का?" दुःख व्हायच्या आधी मला माझीच धास्ती वाटली... त्याची लाज अजून जात नाही.

लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले आणि यशवंतपूरच्या पुढच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये हिंदी शिकवायला लागले. अक्का तिथं कन्नड शिकवायची. तिचं मराठी घराणं इथं पिढ्यान् पिढ्या मुरलेलं. तिचं मराठी ऐकून सुरुवातीला मी तोंड लपवून हसायचे. "स्वल्प सरकून बस गं पुणेकरीण," म्हणत तिनं स्टाफरूममध्ये मला शेजारी जागा दिली, आणि रोज मधल्या सुट्टीत चित्रान्नाचा डबा मध्ये ठेवून कन्नड लिहायला शिकवलं. माझं अक्षर तिच्यापेक्षा वळणदार झालं, हे तीच सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटायची.

हेडमास्तरांना शंभर टक्के निकालाचं वेड होतं. दहावीच्या पूर्वपरीक्षेत जे गटांगळ्या खातील त्यांच्या पालकांकडून 'आम्ही मुलाला शाळेतून काढतो' असं पत्र घ्यायचं, की निकालाला डाग नाही. अक्काच्या वर्गातली तेवीस नंबरची नागरत्ना नेमकी माझ्या विषयात नापास झाली. अक्कानं पत्र घ्यायला साफ नकार दिला. मग हेडमास्तरांनी मला बोलावलं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि मी... मी लिहिलं. अक्कानं शिकवलेल्या कन्नडमध्ये, वळणदार अक्षरात. नागरत्नाच्या आईला वाचता येत नव्हतं. "कसला कागद, मिस?" तिनं विचारलं. "परीक्षेचा," मी म्हणाले. तिनं अंगठा उमटवला आणि वर मला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी अक्का स्टाफरूममध्ये आली ती उभीच राहिली. "त्या बाईचा अंगठा कोणी घेतला गं?"

"मला काय माहीत, अक्का?"

"सरी, बरं," एवढंच म्हणून ती वर्गावर गेली. नागरत्नाच्या घरी ती दोनदा जाऊन आली. तोवर ते लोक खोली सोडून गेले होते. शाळेच्या पटावरून नाव कापलं गेलं. अक्का मात्र आपल्या खाकी वहीतून हजेरी घेताना बावीसनंतर तेवीस पुकारायची, थांबायची, मग पुढं जायची. हेडमास्तरांशी तिचं वाजलं आणि जूनमध्ये तिची बदली देवनहळ्ळीला झाली. निरोपाच्या दिवशी तिला हार मीच घातला. तिचा वर्ग मला मिळाला, नोकरीही कायम झाली.

पुढं पाच वर्षं, जेव्हा भेटायची तेव्हा अक्का विचारायची, "नागरत्नाचा काही पत्ता?" मी नाही म्हणून मान हलवायचे. शेवटच्या भेटीत तिला धड बोलवत नव्हतं. माझा हात धरून ती म्हणाली, "तुला काही सांगायचंय काय गं?" "आधी बरी हो," मी म्हणाले आणि बसचं निमित्त काढून उठले.

तेराव्याला तिच्या मुलीनं ती खाकी वही माझ्या हातात ठेवली. "तुम्हाला द्यायला सांगितली होती आईनं." तेवीस नंबरापुढं वर्ष संपेपर्यंत रोज 'गैरहजर' लिहिलेलं आहे. त्याच पानात, शाळेच्या फायलीतून तिनं काढून घेतलेलं ते पत्र होतं, उलगडून उलगडून घड्यांवर विरलेलं. खाली अंगठा, वर माझं अक्षर... तिनंच घोटून घेतलेलं. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती उत्तर शोधत नव्हतीच, माझी वाट बघत होती.

वही आता माझ्या टेबलावर असते. अक्का, तो अंगठा मी घेतला.